पहिल्या तासाची पारख

गोंदियाच्या बाजारात धानाचे पोते उघडले की अनुभवी व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि मालात ओलावा किती हे सांगतो. ही पारख कोणी जन्मतः घेऊन येत नाही. पेढीवर बसून, वडीलधाऱ्यांच्या हाताखाली अनेक हंगाम काढल्यावर ती अंगी बाणते. रुग्णालयाच्या दारातही अशीच एक पारख लागते आणि तेथे ती चुकली तर झालेले नुकसान पुढच्या हंगामात भरून निघत नाही. सेप्सिस या व्याधीच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे.

'सेप्टिक झाले' असे बोलण्यात येते तेव्हा बहुधा चिघळलेली जखम डोळ्यांपुढे असते. वैद्यकशास्त्रातील सेप्सिस त्याहून व्यापक आणि गंभीर आहे. फुप्फुस, मूत्रमार्ग, पोट, त्वचा, बाळंतिणीचे गर्भाशय अशा कोणत्याही ठिकाणी जंतुसंसर्ग झाला की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याच्याशी झुंजते. कधी कधी या झुंजीत यंत्रणेचा तोल जातो आणि तिचा मारा शरीराच्याच अवयवांवर उलटतो. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव पाझरू लागतो, रक्तदाब उतरतो आणि मेंदू, मूत्रपिंडे, फुप्फुसे यांना पुरेसा रक्तपुरवठा होत नाही. संसर्गामुळे उद्भवलेली ही जीवघेणी अवयवहानी म्हणजेच सेप्सिस, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१६ साली केली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी १० लाख दगावले. त्या वर्षी जगात झालेल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक मृत्यू सेप्सिसशी निगडित होता.

एवढा मोठा शत्रू असूनही तो दारातून आत येताना ओळखू येत नाही, ही खरी अडचण आहे. हृदयविकाराचा रुग्ण छातीवर हात दाबून येतो, अपघातग्रस्ताचे रक्त दिसते, सर्पदंशाची हकिगत नातेवाईक ओरडून सांगतात. सेप्सिसचा रुग्ण मात्र बहुधा गप्प बसलेला असतो.

समजा, धान्याच्या व्यापारातील एका कुटुंबातले बाबूजी सत्तरीकडे झुकलेले आहेत आणि त्यांना मधुमेह जुना आहे. दोन दिवस लघवीला जळजळ होती, अंगात कणकण होती. तिसऱ्या दिवशी ताप उतरलेला दिसतो आणि घरच्यांना हायसे वाटते. पण बाबूजी ताटावर बसत नाहीत. रोजच्या वसुलीविषयी विचारले तर भलतेच उत्तर देतात. हातपाय गार पडले आहेत आणि सकाळपासून त्यांना लघवी झालेली नाही. वृद्धांमध्ये गंभीर संसर्ग असूनही ताप नसणे, किंबहुना अंग नेहमीपेक्षा थंड असणे, हे अपवादात्मक नाही. घरात मात्र 'वय झाले', 'झोप झाली नाही', 'साखर कमी झाली असेल' अशी कारणे काढली जातात. पर्युषणाच्या दिवसांत तर मरगळ, सुकलेले ओठ आणि कमी झालेली लघवी यांचे खापर सहज उपवासावर फुटते.

अखेर संध्याकाळी त्यांना रुग्णालयात आणले जाते. ज्याला लोक कॅज्युअल्टी म्हणतात त्या आकस्मिक विभागात गर्दी आहे. डॉक्टर एका अपघाताच्या रुग्णात गुंतलेले आहेत. बाबूजी खुर्चीवर डोळे मिटून बसले आहेत. अशा वेळी त्यांच्याजवळ प्रथम पोहोचते ती परिचारिका. तिने नाव, गाव, वय लिहून 'बसा, डॉक्टर येतील' एवढेच म्हटले तर एक तास सहज निघून जाईल. परंतु तिने घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले आणि ते २६ भरले, वरचा रक्तदाब ९४ आढळला, आणि "बाबूजी, आज कोणता वार?" या साध्या प्रश्नाला नीट उत्तर आले नाही, तर तिच्या हाती तीन पुरावे जमा होतात. श्वास मिनिटाला २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा त्याहून कमी आणि भानात झालेला बदल, या तिन्ही खुणा तपासायला कोणतेही यंत्रगृह लागत नाही. तज्ज्ञांच्या मते केवळ या तीन खुणांवर विसंबणे पुरेसे नाही. नाडीची गती, तापमान, रक्तातील प्राणवायू आणि लघवीचे प्रमाणही पाहावे लागते. तरीही रांग मोडून डॉक्टरांना बोलावण्यासाठी तेवढा आधार परिचारिकेला पुरेसा असतो.

त्यानंतर करावयाची कामे थोडी आणि ठरलेली आहेत. जंतूंच्या तपासणीसाठी रक्त घेणे, शक्य असल्यास रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण पाहणे, योग्य प्रतिजैविकाची पहिली मात्रा शिरेतून देणे, रक्तदाब उतरला असल्यास सलाईन सुरू करणे आणि तरीही तो सावरला नाही तर तो वाढवणारी औषधे देणे. सेप्सिसविरोधी आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रुग्णाचा रक्तदाब कोसळला असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर प्रतिजैविक पहिल्या तासाच्या आत सुरू व्हावे. रक्तदाब स्थिर असून निदानाविषयी शंका असेल तर तपासणीसाठी तीन तासांपर्यंतचा अवधी घेता येतो. म्हणजे प्रत्येक तापाला जालीम प्रतिजैविक द्यावे, असा याचा अर्थ नाही. अनावश्यक औषधांनी जंतू निर्ढावतात आणि पुढे तीच औषधे निकामी ठरतात. घाई कोठे करायची आणि कोठे थांबायचे, हे कळणे म्हणजेच पारख.

विलंबाची किंमत मोजली गेलेली आहे. कॅनडा व अमेरिकेतील रुग्णांवर आधारित, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, सेप्सिसने रक्तदाब कोसळल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत परिणामकारक प्रतिजैविकाला झालेल्या प्रत्येक तासाच्या विलंबागणिक रुग्ण वाचण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत गेले.

मग प्रश्न उरतो तो असा की, ही पारख शिकवता येते का, आणि कोणाला? त्याचे सर्वांत जवळचे उत्तर गोंदियाच्या दक्षिणेस, शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मिळते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९० च्या दशकात तेथील ३९ गावांमध्ये नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग केला. तुलनेसाठी ४७ गावे निवडली होती. नवजात बालकांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण सेप्सिस होते आणि रुग्णालय दूर होते. तेव्हा गावातल्याच, जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवण्यात आले. बाळाचे दूध ओढणे कमी झाले का, रडणे क्षीण झाले का, हातपाय ढिले पडले का, अंग गार लागते का, पोट फुगले किंवा उलटी होते का, श्वास घेताना छाती आत ओढली जाते का, नाळेत पू झाला का, अशा साध्या खुणा त्या पाहत. पालकांची संमती घेऊन त्या बाळाला घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने प्रतिजैविक देत.

हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. सेप्सिस झालेल्या बालकांमधील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते. घरगुती सेवेच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात बालकांचे एकूण मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. या घटीत ऊब, स्तनपान, स्वच्छता अशा इतर काळजीचाही वाटा होता. दर बालकामागे या सेवेचा खर्च सुमारे ५.३ डॉलर आला. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांची घरगुती सेवा देशभर स्वीकारली. रुग्णालयाचा आकस्मिक विभाग आणि गडचिरोलीतील झोपडी यांत अंतर पुष्कळ आहे. तरीही त्या स्त्रियांनी एक गोष्ट निःसंशय सिद्ध केली. खुणा नेमक्या ठरवून दिल्या, त्या पुनःपुन्हा गिरवून घेतल्या आणि पुढचे पाऊल उचलण्याचा अधिकार दिला, तर पदवीविना माणूसही सेप्सिस वेळेत ओळखू शकतो. प्रशिक्षित परिचारिकेला तर हे सहज साधावे.

याउलट, सर्व सोयी असूनही पारख चुकली तर काय होते, याचे उदाहरण न्यूयॉर्कमधील आहे. २०१२ साली रोरी स्टॉन्टन हा बारा वर्षांचा मुलगा शाळेत बास्केटबॉल खेळताना पडला आणि त्याचा हात खरचटला. नंतर त्याला ताप आणि उलट्या सुरू झाल्या. आकस्मिक विभागात पोटाचा विकार समजून त्याला सलाईन देण्यात आले आणि घरी पाठवण्यात आले. काही दिवसांतच सेप्सिसने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नियम केले. प्रत्येक रुग्णालयाने सेप्सिस ओळखण्याची व उपचारांची लेखी पद्धत ठरवावी, कर्मचाऱ्यांना ती शिकवावी आणि त्याचा हिशेब राज्याला द्यावा, असे बंधन आले. त्या नोंदींतून १४९ रुग्णालयांतील ४९,३३१ रुग्णांची माहिती २०१७ साली अभ्यासली गेली. तीन तासांत करावयाच्या उपचारांना जितका विलंब, तितका मृत्यूचा धोका अधिक, असेच तेथेही दिसले.

शिकवण्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे स्पेनमधील अनुभवाने अधिक स्पष्ट होते. तेथील ५९ अतिदक्षता विभागांशी संबंधित आकस्मिक विभाग, वॉर्ड आणि अतिदक्षता कक्षांतील डॉक्टर व परिचारिकांसाठी राष्ट्रीय शिक्षणक्रम राबवण्यात आला. त्यानंतर गंभीर सेप्सिसच्या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण ४४ टक्क्यांवरून ३९.७ टक्क्यांवर आले. पहिल्या सहा तासांतील सर्व उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांचे प्रमाण ५.३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेले. परंतु वर्षभराने पुन्हा पाहिले तेव्हा मृत्यूचे प्रमाण वाढलेले नसले तरी या पहिल्या तासांतील कामांचे प्रमाण पुन्हा मूळ पातळीवर उतरले होते. एकदा शिबिर घेतले, प्रमाणपत्रे वाटली आणि काम संपले, असे येथे चालत नाही. स्वाध्याय रोजचा असतो तेव्हाच तो टिकतो, हे जैन कुटुंबांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या दृष्टीने या शिक्षणाचे स्वरूप कसे असावे? गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय ही शहराची जुनी आधारस्थाने आहेत. वैद्यकीय महाविद्यालयात प्रशिक्षणार्थी डॉक्टर दर वर्षी बदलतात. त्यामुळे नव्या तुकडीबरोबर सेप्सिसचा धडाही नव्याने द्यावा लागतो. पाळी बदलताना पंधरा मिनिटांची उजळणी, भिंतीवर मोठ्या अक्षरांत खुणांचा तक्ता, महिन्यातून एकदा सराव, आणि रुग्ण दारात आल्यापासून पहिले प्रतिजैविक मिळेपर्यंत किती मिनिटे गेली याची नोंद, एवढ्यावर पुष्कळ काम होते. ही नोंद कोणाला दोष देण्यासाठी नसते. व्यापारी दिवसअखेर रोजमेळ पाहतो तो मुनिमाला रागावण्यासाठी नव्हे, तर तूट वाढण्याआधी कळावी म्हणून.

शिकवण स्थानिकही असावी. जिल्ह्यात धानाची रोवणी चिखलात उभे राहून होते आणि पायाच्या लहानशा जखमेकडे दुर्लक्ष होते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या वनाच्छादित तालुक्यांतून येणाऱ्या तापाच्या रुग्णात मलेरियाचा विचार करावाच लागतो. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसचे अनेक रुग्ण आढळले होते. बारीक माइटच्या चाव्याने होणाऱ्या या आजारात त्वचेवर कधी कधी काळी खपली दिसते आणि त्याला डॉक्सिसायक्लिनसारखे वेगळे औषध लागते. नेहमीची अनेक प्रतिजैविके तेथे चालत नाहीत. काखेत, जांघेत, कपड्यांच्या आड ती खपली शोधायची असते, हे ज्याला शिकवले आहे तोच शोधतो. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्णही बरेच आहेत. त्यांची प्लीहा दुर्बल झालेली असल्यामुळे त्यांच्या तापाकडे साधा ताप म्हणून पाहता येत नाही.

आणखी एक प्रश्न नागपूरचा. रुग्ण गंभीर आहे असे कळताच सधन कुटुंबांत पहिला शब्द निघतो तो 'नागपूरला हलवू या'. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. गाडी मिळवणे, पैसे व कागद गोळा करणे, रस्ता आणि तेथील प्रवेश यांत चार-पाच तास सहज जातात. अतिदक्षता विभागाची गरज असेल तर हलवणे योग्यच. पण रक्ताचा नमुना, प्रतिजैविकाची पहिली मात्रा आणि सलाईन यांसाठी नागपूरची वाट पाहणे योग्य नाही. ते येथेच व्हावे आणि दिलेल्या औषधांची वेळ चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी रुग्णाबरोबर जावी. "निघण्यापूर्वी पहिले इंजेक्शन झाले का?" एवढा प्रश्न मुलाने नम्रपणे विचारला तरी त्याचे मोल मोठे आहे.

कुटुंबाचे कर्तव्य त्याआधीच सुरू होते. ताप किंवा संसर्ग असलेल्या माणसाची वागणूक अचानक बदलली, धाप लागली, हातपाय गार किंवा ठिपकेदार दिसू लागले, दिवसभर लघवी झाली नाही, किंवा 'असे मला कधी वाटले नव्हते' असे तो म्हणू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा घरची गाडी, जे आधी मिळेल त्याने रुग्णालय गाठावे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोगावरचे उपचार, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण, चालू औषधे, औषधांची ॲलर्जी हे सर्व एका कागदावर लिहिलेले असावे. औषधांच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांचे नावही लपवू नये. आणि डॉक्टरांना विचारावे, "हे सेप्सिस असू शकेल का?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. गर्दीत थकलेल्या माणसालाही तो विचार करायला लावतो.

समाजाच्या दानशूरतेविषयी येथे दोन शब्द आवश्यक वाटतात. रुग्णालयांना खाटा, रुग्णवाहिका, पाण्याची यंत्रे देण्याची व्यापारी कुटुंबांची परंपरा जुनी आणि गौरवास्पद आहे. अशा वस्तूवर नाव कोरता येते. परिचारिकेच्या ध्यानात राहिलेल्या धड्यावर नाव कोरता येत नाही, म्हणून त्यासाठी देणगी मागणारेही कमी आणि देणारेही कमी. वास्तविक खर्च अगदी थोडा आहे. सरावासाठी एक पुतळा, खुणांचे तक्ते, चांगले रक्तदाब मापक व ऑक्सिमीटर, शिकवण्यासाठी वर्षातून काही वेळा येणारे तज्ज्ञ, आणि आकस्मिक विभागातच कुलुपाविना हाताशी राहील अशी पहिल्या मात्रेची पेटी. रात्री दोन वाजता चिठ्ठी घेऊन नातेवाईक औषधांच्या दुकानाकडे धावतो तेव्हा जो अर्धा तास जातो, तो ही पेटी वाचवू शकते. अर्थात पेटीत काय असावे आणि ती कोणी उघडावी हे रुग्णालयानेच ठरवायचे. दात्याने केवळ ती रिकामी पडू नये एवढे पाहावे.

जैन परंपरेने आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. आकस्मिक विभागातील परिचारिकेला शिकवण्यासाठी दिलेला रुपया ज्ञानाचा असतो, औषध वेळेवर पोहोचवतो आणि एखाद्या कुटुंबाला भयापासून सोडवतो.

१३ सप्टेंबर हा दिवस जागतिक सेप्सिस दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने समाजाच्या एखाद्या मंडळाने गोंदिया, तिरोडा किंवा आमगाव येथील रुग्णालयाच्या प्रमुखांना भेटून एवढेच विचारावे: येथील कर्मचाऱ्यांना सेप्सिसचे शिक्षण शेवटचे केव्हा मिळाले आणि पुढचे केव्हा ठरले आहे? तारीख ठरलेली नसेल तर ती ठरवण्यासाठी जे लागेल ते देण्याची तयारी ठेवावी, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा जाऊन विचारावे.